गोष्टीतून शब्दशिक्षण (नागपूर)

पहिली ते चौथीच्या मुलांना नवे शब्द सुटे न देता, गोष्ट ऐकता-वाचताना तिच्या ओघात शिकवण्याच्या पद्धतीस गोष्टीतून शब्दशिक्षण म्हणतात. आधी गोष्ट, मग शब्द, असा तिचा क्रम असतो. धड्याखाली छापलेले ‘शब्दार्थ’ हा याहून वेगळा प्रकार. तिथे ‘विषण्ण : खिन्न’ असे वहीत उतरवले जाते आणि आधी एक शब्द अडत होता तिथे मुलाला दोन अडू लागतात.

नागपूरच्या वर्गात ‘नवा शब्द’ एकाच जातीचा नसतो. कधी वस्तू घरातली असते, नाव तेवढे परके. कधी नाव ओळखीचे, पण अर्थ भलताच. आणि कधी कल्पनाच नवी. या सगळ्यांवर सारखाच वेळ घालवला जातो, ही इथल्या शब्दशिक्षणातली नेहमीची चूक आहे.

घरचे नाव, पुस्तकातले नाव

गोष्टीतल्या आईने बाजारातून कोथिंबीर आणली की इथली बरीच मुले क्षणभर थबकतात. त्यांच्या घरी तो सांबार असतो. (इडलीबरोबर येतो तो सांबार निराळा. या दोहोंत मुलांचा गोंधळ होत नाही, बाहेरून आलेल्या पाहुण्यांचा होतो.) शेताला वावर, बटाट्याला आलू, कपाशीला पऱ्हाटी म्हणणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला वस्तू पक्की ठाऊक असते. ‘तुमच्याकडे सांबार म्हणतात, पुस्तकात कोथिंबीर लिहिलंय,’ एवढ्यावर काम भागते. घरचा शब्द चूक म्हणून खोडला, तर मूल पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. पाठ्यपुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ १९६७ साली पुण्यात स्थापन झाली. तिथली प्रमाण मराठी आणि ‘काय करून राहिला?’ असे विचारणारी महाल-इतवारी या नागपूरच्या जुन्या वस्त्यांतली मराठी यांत अंतर असणारच.

उलटही घडते. ‘रोगराई’, ‘इडापिडा’ हे शब्द दुसरीकडे समजावून सांगावे लागतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतींची (मोठ्या पुतळ्यांची) मिरवणूक निघते, तेव्हा ‘घेऊन जा गे मारबत’ या आरोळ्यांत मुलांनी ते कानभरून ऐकलेले असतात. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी बैल सजवून दारोदार नेणाऱ्या आणि बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे-खाऊ) गोळा करणाऱ्या मुलाला बैलाच्या गोष्टीतली ‘झूल’ चित्र काढून दाखवावी लागत नाही.

हिंदीचा चकवा

नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. महाराष्ट्रात ते १९६० साली आले. रस्त्यावरची हिंदी त्यामुळे इथे पाहुणी नाही. अनेक मुलांची खेळण्याची भाषा तीच. शब्दशिक्षणात तिची मदत होते, तसे फसवे शब्दही बरेच निघतात.

‘राजाने चोराला शिक्षा दिली’ हे वाक्य ऐकून एखादे मूल समजते, की राजाने चोराला शिकवले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आणि गोष्टीचा पुढचा भाग या अर्थानेही कसाबसा जुळतो, म्हणून ही चूक उघडी पडत नाही. ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. ‘संसार’ मराठीत घर-प्रपंच, हिंदीत जग. ‘खाली’चे तर इथल्या मराठीतही दोन अर्थ चालतात: भांडे खाली ठेव आणि भांडे खाली आहे. असे शब्द शिक्षकाला अवघड वाटत नाहीत म्हणून ते निवडले जात नाहीत, आणि मुलाला ते माहीत वाटतात म्हणून मूल विचारत नाही. गोष्ट निवडतानाच ते हेरून ठेवावे लागतात.

शब्दांची निवड

इझाबेल बेक, मार्गारेट मॅककोन आणि लिंडा कुकन या अमेरिकी अभ्यासकांनी २००२ साली शब्दांचे तीन स्तर मांडले. पहिला रोजच्या बोलण्यातला: पाणी, पळणे, कुत्रा. तिसरा एकेका विषयापुरता: बाष्पीभवन, परागकण. मधला स्तर लेखी भाषेत सगळीकडे भेटणाऱ्या, पण बोलण्यात कमी येणाऱ्या शब्दांचा: हिरमुसणे, अधीर, संकोच, हेवा, काटकसर. शिकवण्याचा वेळ या मधल्या स्तरावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे. एका गोष्टीतून तीन-चार शब्द पुरतात.

ही मांडणी इंग्रजी शब्दांवर बेतलेली आहे, हे मात्र विसरू नये. मराठीतले तिसऱ्या स्तराचे शब्द अनेकदा स्वतःच अर्थ सांगतात. बाष्प ठाऊक असेल तर बाष्पीभवनाचे अर्धे काम झालेले असते.

कल्पनाच नवी असते तिथे घाई चालत नाही. देशाचा मध्य दाखवणाऱ्या झिरो माइल स्तंभाच्या, समुद्रापासून दूरच्या या शहरात समुद्राची गोष्ट वाचताना ‘भरती’ येते. अंबाझरी तलाव पावसाळ्यात भरून वाहतो, त्याचा दाखला देण्याचा मोह होतो. पण पावसाने तलाव भरणे आणि पाणी दिवसातून दोनदा चढून उतरणे एक नव्हे. जवळचा म्हणून दिलेला दाखला इथे चुकीचा अर्थ पेरतो.

वर्गातली रीत

पहिल्या वाचनात गोष्ट तोडायची नाही. अगदीच अडले तर जाता जाता चार शब्दांत अर्थ सांगून पुढे जायचे. गोष्ट संपल्यावर निवडलेल्या शब्दाकडे परतायचे, तो सर्वांनी मोठ्याने म्हणायचा, मुलांच्या भाषेत अर्थ सांगायचा आणि मग तो गोष्टीबाहेर न्यायचा.

‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ ही म्हातारीची लोककथा घ्या. तिच्यात ‘युक्ती’ हा शब्द फार कामाचा आहे. ‘लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा,’ असे म्हातारी वाघाला सांगते आणि परतताना भोपळ्यात बसून निसटते. ही युक्ती, लबाडी, की सरळ खोटे बोलणे? दुसरीच्या वर्गात हा प्रश्न टाकला की वाद पेटतो. कोणी म्हणते, वाघ खाणारच होता म्हणून ती लबाडी नाही. कोणी म्हणते, तिने कबूल केले होते. मुले न कळत तीन शब्दांच्या सीमा आखत असतात, आणि ते काम व्याख्या पाठ करून होत नाही. दुसऱ्या दिवशी कोणी दप्तराचे तुटलेले बंद सुतळीने बांधून आला, तर ‘ही कोणाची युक्ती?’ असे विचारायला शिक्षकाने विसरू नये.

असे परत परत भेटवणे का लागते, याचे एक कारण सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांच्या १९७८ च्या प्रयोगात दिसते. तीन-चार वर्षांच्या मुलांना एका तबकाच्या रंगाचे अनोळखी नाव बोलता बोलता ऐकवले गेले. एवढ्या ओझरत्या ऐकण्यानेही अनेक मुलांच्या मनात काहीतरी राहिले, पण नेमका रंग पक्का झाला नाही. पहिल्या भेटीत शब्दाची नुसती चाहूल लागते.

मराठीची एक अडचण शिक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही: विभक्ती लागली की शब्दाचे रूप बदलते. ‘विहीर’ जाणणारे मूल ‘विहिरीत’ वाचताना अडते, ‘ऊन’ ठाऊक असलेल्याला ‘उन्हात’ वेगळाच शब्द वाटतो. फळ्यावर दोन्ही रूपे शेजारी लिहावीत.

मोजमाप

केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानात (५ जुलै २०२१ पासून) तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असे लक्ष्य आहे. वेग घड्याळ लावून मोजता येतो, म्हणून वर्गात त्याच्यावरच भर पडतो आणि ‘समजून’ मागे राहते. अर्थ कळला का, हे पाहायला ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ‘मला संकोच आवडतो’ हेही व्याकरणाने शुद्ध वाक्य आहे. त्यापेक्षा ‘तुला कोणासमोर गाणे म्हणायला संकोच वाटेल?’ असे विचारावे. उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या पहिल्या आठवड्यात नवा धडा न घेता गेल्या वर्षीची एखादी गोष्ट मुलांकडूनच सांगून घेतली, की कोणते शब्द सुट्टीतही टिकले ते आपोआप कळते.