होमस्टेडचं पेटंट मिळालं. आता फाईल मागवा

अमेरिकेतल्या मराठी घरांत शाळेच्या प्रोजेक्टसाठी वंशवृक्ष काढायची वेळ आली की आपल्या बाजूचं काम आजोबा फोनवर उरकतात. अडतं ते अमेरिकन जावयाच्या किंवा सुनेच्या बाजूला. तिकडची माहिती ‘पणजोबा मोंटानात शेती करायचे’ एवढ्यावर संपते. पण या एका वाक्यावरूनही बरंच काही शोधता येतं, कारण त्यामागे बहुतेक वेळा होमस्टेड असतं, म्हणजे राहून कसायच्या अटीवर सरकारने दिलेली जमीन, आणि होमस्टेड म्हटलं की सरकारी कागद आलेच.

गोंधळ होतो तो दोन कागदांत: लँड पेटंट, म्हणजे जमिनीची सनद, आणि लँड एंट्री केस फाईल, म्हणजे ती जमीन मिळवण्यासाठी केलेल्या अर्जाचं दप्तर. पेटंट ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या सरकारी जमीन-खात्याच्या संकेतस्थळावर नाव टाकताच फुकट दिसतं. ठसठशीत अक्षरं, सरकारी शिक्का, खाली राष्ट्राध्यक्षांचं नाव. लोक ते डाउनलोड करतात, फ्रेम करून भिंतीवर लावतात आणि शोध संपला असं समजतात. (ती सही राष्ट्राध्यक्षांची नसते, हेही सांगून टाकतो. १८३० च्या दशकापासून त्यांच्या नावाने कारकूनच सही करत आले.)

पेटंट म्हणजे सरकारने ही जमीन पहिल्यांदा खाजगी माणसाच्या नावे केल्याची सनद. त्यात नाव, तारीख, कोणत्या कायद्याखाली दिली ते आणि जमिनीचं वर्णन असतं: टाउनशिप, रेंज, सेक्शन, म्हणजे सरकारी मोजणीच्या चौकटीत तो तुकडा कुठे येतो ते सांगणारे क्रमांक. सातबाऱ्यावर जशी पुढच्या मालकांची नावं चढत जातात तसं इथे होत नाही. पुढची खरेदी-विक्री, गहाणवट हे सगळं काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये नोंदलेलं असतं. तिथेही जरा सांभाळून, कारण मोंटानात १९१० नंतर काउंट्यांची फोडाफोड जोरात झाली. आजची हिल काउंटी १९१२ मध्ये शूटो काउंटीतून निघाली. त्यामुळे त्याआधीचे दस्त हिलचं मुख्य ठाणं हॅवर इथे शोधण्याआधी शूटोचं ठाणं फोर्ट बेंटन इथे चौकशी करावी.

माणूस कसा जगला हे मात्र पेटंट सांगत नाही. त्यासाठी केस फाईल लागते.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळे, पण अट होती: पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. कोरडवाहू भागासाठी १९०९ मध्ये ही मर्यादा ३२० एकर झाली, १९१२ मध्ये मुदत तीन वर्षांवर आली, आणि मोंटानात माणसांची रीघ लागली. मुदत भरली की लँड ऑफिसात, म्हणजे त्या भागातल्या सरकारी जमीन-कचेरीत जाऊन अट पाळल्याचं सिद्ध करायचं. तिकडे याला ‘प्रूव्ह अप’ करणं म्हणत. त्यासाठी अर्जदाराला आणि दोन साक्षीदारांना छापील प्रश्नावली भरून द्यावी लागे. घर केव्हा बांधलं, केवढं आहे? विहीर, कुंपण, गोठा? कोणत्या वर्षी किती एकर पेरलं, पीक काय आलं? कुटुंबात किती माणसं? मध्ये जागा सोडून कुठे गेला होतात, किती दिवस, कशासाठी?

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरांत खरा माणूस भेटतो. हिवाळ्यात मजुरीला गेलो, बायको बाळंतपणासाठी गावात राहिली, गारपिटीत गहू गेला म्हणून दुसऱ्याच्या मळणीवर राबलो, अशा धाटणीचे तपशील तिथे असतात. बारा बाय सोळा फुटांचं फळ्यांचं खोपट आणि त्यावर डांबरी कागद, हे वाचल्यावर फ्रेममधल्या पेटंटकडे बघायची नजर बदलते.

अर्जदार परदेशातून आलेला असेल तर फाईल आणखी मोलाची. अर्ज करताना नागरिक होण्याचा इरादा तरी जाहीर केलेला असावा लागे आणि प्रूव्ह अपच्या वेळी पूर्ण नागरिकत्व. म्हणून त्या कागदांच्या नकला फाईलला जोडलेल्या सापडतात, कोर्टाच्या नावासकट. १९०६ पर्यंत नागरिकत्व देणारी कोर्टं गावोगावी होती, आणि नेमकं कोणतं ते शोधण्यात लोकांची वर्षं जातात. नवरा मुदत भरण्याआधी वारला आणि विधवेने दावा पुरा केला, किंवा अविवाहित बाईने जमीन घेतली आणि मग लग्न केलं, तर त्याचाही खुलासा इथेच असतो.

तारखांचा घोळही फाईलच सोडवते. पेटंट १९१७ चं आहे म्हणून पणजोबा १९१७ मध्ये आले असं धरणारी वंशावळ मी पुष्कळदा पाहिली आहे. ते तीन-चार वर्षं आधीच तिथे राहत असणार, शिवाय प्रूव्ह अपनंतर पेटंट निघायलाही वेळ लागे.

फाईल वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमधून शुल्क भरून मागवावी लागते, आणि ती मागवायला लागणारा क्रमांक पेटंटवरच असतो. १९०८ नंतरच्या पेटंटचा स्वतःचा क्रमांक पुरतो. त्याआधीचं असेल तर लँड ऑफिसचं नाव आणि प्रूव्ह अपनंतर मिळालेल्या सर्टिफिकेटचा क्रमांक, दोन्ही कळवावे लागतात. टपालाची वाट बघेपर्यंत त्या भागातलं जुनं वर्तमानपत्र चाळावं. प्रूव्ह अपआधी जाहीर नोटीस छापणं बंधनकारक होतं आणि तिच्यात चार साक्षीदारांची नावं असत, प्रत्यक्ष साक्ष त्यांतल्या दोघांची होई. ते शेजारी असत, आणि पुष्कळदा मेहुणे किंवा एकाच गावाहून आलेले सोबती. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’वर अशी बरीच वर्तमानपत्रं फुकट आहेत.

पेटंट सापडलंच नाही तर? लोक इथे हात टेकतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी चूक. पेटंट फक्त टिकलेल्यांना मिळालं. १९१७ पासून मोंटानात दुष्काळ पडला, १९२० च्या दशकात निम्म्याहून अधिक बँका बुडाल्या, आणि त्या दशकात लोकसंख्या घटलेलं ते देशातलं एकमेव राज्य ठरलं. कितीतरी जण मुदत भरण्याआधीच दावा सोडून गेले. पेटंटांच्या यादीत त्यांचं नावही नाही. पण त्यांनी अर्ज केला होता, म्हणजे फाईल उघडली गेली होती, आणि रद्द झालेल्या दाव्यांच्या फायलीही आर्काइव्हजमध्ये असतात. त्यांचा क्रमांक मिळतो लँड ऑफिसच्या ट्रॅक्ट बुकात. त्यात प्रत्येक तुकड्यासमोर मंजूर-नामंजूर सगळे अर्ज ओळीने लिहिलेले असतात. पश्चिमेकडच्या राज्यांची ही बुकं ‘फॅमिलीसर्च’ या वंशावळीच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेली आहेत. पण ती नावावार लावलेली नाहीत, जमिनीवार आहेत. म्हणून आधी जनगणनेवरून किंवा साक्षीदार-शेजाऱ्यांच्या पेटंटवरून टाउनशिप ठरवायची आणि मग पानं उलटायची.

तिथेही नाव नसेल तर जमीन सरकारकडून आलीच नसेल. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात विषम क्रमांकांचे सेक्शन मिळाले होते आणि कंपनीने ते शेतकऱ्यांना विकले. अशा जमिनीची ना होमस्टेड फाईल, ना शेतकऱ्याच्या नावाचं पेटंट. तिचा माग कोर्टहाउसमधल्या खरेदीखतात, नाहीतर मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीत ठेवलेल्या रेल्वेच्या दप्तरात काढायचा.