शैक्षणिक दृक्‌श्राव्य साहित्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण आणि खानदेश

शिकवण्यासाठी तयार केलेला चित्रपट, ध्वनिमुद्रण, स्लाइडचा संच, तक्ता, नकाशा किंवा प्रतिकृती परदेशी पाठवताना त्या साहित्याचा मूळ हेतू शिक्षणाचाच आहे, असा अधिकृत यंत्रणेने दिलेला लेखी दाखला म्हणजे हे प्रमाणीकरण. तो मान्य झाला की संबंधित करारातील देशांत त्या साहित्यावर सीमाशुल्क लागत नाही, किती नग आणावेत याचे बंधन राहत नाही आणि आयात परवान्याची कटकट वाचते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून होणाऱ्या खानदेशाकडे जगाला शिकवण्याजोगे पुष्कळ आहे. केळीची शेती आहे, ठिबक सिंचन आहे, सातपुड्यातले सण आहेत आणि अहिराणीसारखी बोली आहे. म्हणून दाखल्याच्या कसोट्या इथे नीट समजून घ्यायला हव्यात.

या व्यवस्थेचा पाया युनेस्कोच्या बैरुत करारात आहे. १९४८ च्या अखेरीस बैरुतला भरलेल्या युनेस्कोच्या तिसऱ्या सर्वसाधारण परिषदेत तो मंजूर झाला. १९४९ मध्ये तो सह्यांसाठी खुला झाला आणि १२ ऑगस्ट १९५४ पासून अमलात आला. फिल्म, फिल्मपट्टी, मायक्रोफिल्म, सर्व प्रकारची ध्वनिमुद्रणे, काचेच्या स्लाइड, स्थिर व चलत प्रतिकृती, भिंतीवरचे तक्ते, नकाशे आणि भित्तिपत्रके त्यात येतात. दाखला मूळ देशाची सरकारी यंत्रणा किंवा युनेस्को देते. तो पाहून सवलत द्यायची की नाही, हे माल आणणारा देश ठरवतो. नकार द्यायचा असेल तर आधी दाखला देणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

कसोट्या तीन आहेत. साहित्याचा मुख्य हेतू एखादा विषय उलगडून शिकवण्याचा किंवा माहिती देण्याचा असावा, किंवा त्याने ज्ञानात भर पडून देशादेशांतला समजूतदारपणा वाढावा. आशय प्रातिनिधिक, अस्सल आणि अचूक असावा. चित्र-आवाजाचा दर्जा वापरात अडथळा येईल इतका वाईट नसावा. पहिली आणि तिसरी कसोटी कागदावर आणि पडद्यावर तपासता येते. मधली मात्र कार्यालयात बसून तपासता येत नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या केळीचेच पाहा. लागवडीचे मुख्य हंगाम दोन. जून-जुलैत लावतात ती मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात ती कांदेबाग. रावेर किंवा यावलकडचा शेतकरी कॅमेऱ्यासमोर ‘ही आमची कांदेबाग’ म्हणतो. मागे केळीची हिरवी रांग उभी असते. शब्दकोश घेऊन बसलेला भाषांतरकार त्याखाली ‘कांद्याचे शेत’ लिहून मोकळा होतो. पुढे शेतकरी म्हणतो, ‘बाग निसवली’, म्हणजे केळफूल बाहेर पडले, घड धरायची वेळ आली. ते ‘निसटली’ असे ऐकले गेले तर पीक हातचे गेले असा अर्थ होतो. पीलबाग म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या पिलावर घेतलेले पुढचे पीक. तिथेही शब्दकोश उपयोगी पडत नाही. चित्र खरे आणि बोलणे खरे असूनही खालच्या ओळी चुकल्या की परदेशातला विद्यार्थी चुकीचे शिकतो. त्यात अहिराणीत ‘ळ’ चा ‘य’ होतो, डोळ्याला डोया आणि काळ्याला काया म्हणतात. प्रमाण मराठीची सवय असलेला कानही तिथे अडखळतो.

यावर उपाय सोपा आहे, पण तो सहसा केला जात नाही. निवेदनाची संहिता पक्की करण्याआधी ती बागेच्या बांधावर, केळी लावणाऱ्या माणसाला वाचून दाखवावी. अर्जासोबत अशा शब्दांची अर्थासहित यादी जोडावी. शंभर शिक्क्यांपेक्षा ही यादी जास्त मोलाची ठरते.

‘प्रातिनिधिक’ या शब्दाचा कस नंदुरबार जिल्ह्यात लागतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी दूरदूरच्या लोकांना खेचते. उंच बांबू, ढोल, मोरपिसे आणि घुंगरू बांधून नाचणारे बुध्या, हे सगळे कॅमेऱ्याला आवडते. पण त्या नाचामागे व्रत असते आणि ते पाळताना कडक नियम असतात. फक्त नाच दाखवून व्रत गाळले तर पडद्यावर एकही खोटी गोष्ट येत नाही, तरीही चित्रण अपुरेच राहते. काठीची रीत सगळ्या भिल्ल-पावरा गावांवर लादणे ही दुसरी चूक.

अचूकतेचा प्रश्न खानदेशाच्या वेशीवर फार जुना आहे. अजिंठ्याची लेणी आज शेजारच्या जिल्ह्यात असली तरी जळगाव स्थानकापासून साधारण ६० किलोमीटरवर आहेत. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथे राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. लंडनला गेलेल्या त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्ये आगीत गेल्या. ही चित्रे दूरच्या लोकांना अजिंठा शिकवण्यासाठीच गेली होती. तेव्हा दाखल्याची पद्धत नव्हती. भिंतीसमोर वर्षानुवर्षे बसून रेघ जुळवत राहणे हीच अस्सलपणाची ग्वाही होती. पुढे १९५४ मध्ये युनेस्कोने स्वतःच्या कलामालेत अजिंठ्याची चित्रे प्रसिद्ध केली.

बैरुत करारासोबत फ्लॉरेन्स कराराचे नाव येते. शैक्षणिक, वैज्ञानिक आणि सांस्कृतिक साहित्याच्या आयातीवरचे शुल्क माफ करणारा हा युनेस्कोचाच करार. तो १९५० चा, १९५२ मध्ये अमलात आला; १९७६ च्या नैरोबी पुरवणीने त्याची व्याप्ती वाढवली. बैरुतमध्ये वस्तूचा आशय पाहतात, तर फ्लॉरेन्समध्ये दृक्‌श्राव्य साहित्यासाठी ते मागवणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का, हेही पाहतात.

शैक्षणिक काय आणि प्रचारकी काय, हे सरकारने ठरवावे का, यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. तिथे बैरुतचा दाखला देणाऱ्या सरकारी माहिती संस्थेने काही माहितीपटांना तो नाकारला. युरेनियमच्या खाणींवरचा एक माहितीपट त्यांत होता. निर्माते न्यायालयात गेले. १९८६ मध्ये हे नियम अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरले आणि १९८८ मध्ये अपील न्यायालयानेही तेच मत दिले. हा निकाल योग्यच होता. रासायनिक खतांचे किंवा धरणाचे दुष्परिणाम दाखवणारा चित्रपट कुणाला बोचला म्हणून तो शिक्षणाबाहेर जात नाही.

एक गल्लत मात्र टाळावी. भारतातील केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. ते १९५२ च्या कायद्याखाली, देशात जाहीर प्रदर्शन करण्यासाठी असते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची दहा वर्षांची मुदत गेली आणि ‘यूए’ वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे झाले. त्याने परदेशातले शुल्क माफ होत नाही. उलट बाजूने, बैरुतचा दाखला असला तरी माल घेणाऱ्या देशाचा सेन्सॉरचा हक्क कायम राहतो, हे करारातच लिहिले आहे.

आता बरेच चित्रपट फाइलच्या रूपाने जातात. अशा इलेक्ट्रॉनिक प्रेषणावर सीमाशुल्क न लावण्याचे जागतिक व्यापार संघटनेत १९९८ मध्ये ठरले आणि पुढे त्याची मुदत वारंवार वाढवली गेली. भारताने त्याच्या फेरविचाराची मागणी केली आहे. कस्टमच्या टेबलावर अजूनही येतात ते तक्ते, संच आणि प्रतिकृती. प्रदर्शनापुरते नेऊन परत आणायचे असेल तर फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडून मिळणारे एटीए कार्नेट, म्हणजे शुल्क न भरता माल तात्पुरता नेण्या-आणण्याचा कागद, सोयीचे पडते. ठिबकची नळी कापून आत पाणी कसे थेंबथेंब उतरते हे दाखवणारी प्रतिकृती किंवा केळीचे फायबरचे झाड शैक्षणिक साहित्यात बसते. पण त्या झाडाला शोभा यावी म्हणून खरे वाळलेले पान बांधले की पेटी वनस्पती-आरोग्य तपासणीत अडकू शकते. पान कापडाचे करावे, आणि पेटीतल्या मालाच्या यादीत ‘कापडी पान’ असे स्पष्ट लिहावे.