'अज्ञात देवाला': पौलाच्या अथेन्समधल्या भाषणामागचा ग्रीक धर्म

बायबलच्या नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय 17: ख्रिस्ताचा प्रेषित पौल अथेन्समध्ये बोलतो. हा भाग चर्चमध्ये वाचला की प्रवचन बहुतेक वेळा एकाच वाटेने जातं, शहर मूर्तींनी भरलेलं होतं, पौलाचा जीव तळमळला, त्याने खऱ्या देवाबद्दल सांगितलं, काहींनी टर उडवली, काहींनी विश्वास ठेवला. यात चूक काहीच नाही, पण समोर बसलेली माणसं नेमकं काय मानत होती ते माहीत नसेल तर पौलाचं भाषण अर्धंच कळतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही पार्श्वभूमी.

पहिलं म्हणजे ग्रीकांकडे आपल्यासारखं पवित्र शास्त्र नव्हतं, विश्वासाचा अंगीकार (काय मानतो याची ठरलेली कबुली) तोही नव्हता. देवांच्या गोष्टी होमर आणि हेसिअड या जुन्या कवींच्या काव्यांतून यायच्या, पण धर्म म्हणजे मुख्यतः जे करायचं ते. देवळाबाहेर उघड्यावर वेदी असायची, तिथे बैल नाहीतर मेंढरू कापायचं, मांडीची हाडं चरबीत गुंडाळून जाळायची, तो धूर देवाचा आणि मांस माणसांनी वाटून खायचं. बाजारातही ते विकायला यायचं. ग्रीसमधल्याच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत मूर्तीला वाहिलेल्या मांसावरून एवढा वाद का झाला ते इथे कळतं, कारण नाही म्हणायचं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पंगतीतूनच उठावं लागायचं.

आणि हे देव अमर असले तरी जगाचे निर्माते नव्हते, ते स्वतःच जन्माला आलेले. देवांचा राजा झ्यूस, त्यालासुद्धा आईबाप होते. (झ्यूस हे नाव आणि ऋग्वेदातला द्यौस् एकाच मुळातले, हे भाषेचे अभ्यासक मान्य करतात.) देवांच्या चोऱ्या, व्यभिचार, फसवणुकी यावर बोट ठेवणारा पहिला माणूस काही ख्रिस्ती नव्हता, इ.स.पूर्व सहाव्या शतकातच झेनोफनीस नावाच्या ग्रीक कवीने होमर-हेसिअडला त्यावरून धारेवर धरलं होतं. इ.स.पू. 399 मध्ये अथेन्समध्ये तत्त्वज्ञ सॉक्रेटिसला मृत्युदंड झाला तेव्हा शहराचे देव मानत नाही हाही आरोप होता. म्हणजे पौल इ.स. 50 च्या सुमारास तिथे पोचला तेव्हा हे शहर देवाबद्दल शेकडो वर्षं विचार करत आलेलं होतं.

आता ती वेदी, जिच्यावर 'अज्ञात देवाला' असं लिहिलेलं पौलाने शहरात फिरताना बघितलं. तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा ग्रीक लेखक डायोजेनिस लाएर्शियस एक जुनी हकिकत देतो: अथेन्समध्ये रोगराई आली, तेव्हा क्रेट बेटावरून एपिमेनिडीस नावाच्या द्रष्ट्याला बोलावलं, त्याने काळी-पांढरी मेंढरं अरीयपगावर (अथेन्समधली खडकाळ टेकडी, तिच्याच नावाच्या न्यायसभेपुढे पौल बोलला) नेऊन सोडून दिली आणि जिथे जे मेंढरू बसेल तिथे त्या जागेच्या देवाला त्याचा बळी द्यायला सांगितलं, त्यामुळे नाव नसलेल्या वेद्या तिथे राहिल्या. पौलाने बघितली ती वेदी यातलीच असं म्हणता येणार नाही, पण दुसऱ्या शतकातला प्रवासी पौसानियास यानेही अथेन्सच्या बंदरावर अज्ञात देवांच्या वेद्या असल्याचं लिहिलंय. एखादा देव राहून गेला आणि तो कोपला तर, ही भीती त्यामागे दिसते. पौलाने त्या भीतीची टिंगल केली नाही, तिथूनच सुरुवात केली.

पुढे 'आपण वास्तविक त्याचा वंश आहो' हे पौल त्यांच्याच कवींचं म्हणून सांगतो. ही ओळ अराटस या ग्रीक कवीच्या आकाशातल्या ताऱ्यांवरच्या काव्यातली, आणि तिथे ती चक्क झ्यूसबद्दल आहे! अराटस मूळचा किलिकियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) आणि पौलाचं जन्मगाव तार्सही किलिकियातलंच, त्यामुळे हे काव्य त्याच्या कानावर लहानपणीच पडलं असेल असं मला वाटतं, पुरावा काही नाही.

मग बिनसलं कुठे? एकच देव आहे, तो हातांनी बांधलेल्या देवळात राहत नाही, हे ऐकून समोरच्या स्तोयिक पंथाच्या तत्त्वज्ञांनी मान डोलावली असती. बिनसलं पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेल्यांतून पुन्हा उठण्यावर. त्याला ग्रीक शब्द अनास्तासिस. होमरच्या काव्यात मेलेला माणूस हेडीसमध्ये, म्हणजे मेलेल्यांच्या जगात, नुसती सावली होऊन राहतो, तिथे अकिलीससारखा वीर म्हणतो की सगळ्या मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा वर जिवंत राहून एखाद्या गरिबाकडे मजुरी केलेली बरी. तत्त्वज्ञ प्लेटोच्या वाटेने जाणारे म्हणायचे आत्मा अमर, शरीर म्हणजे तुरुंग. आता तुरुंगातून सुटलेल्याला परत तुरुंगात घालणारी बातमी त्यांना आनंदाची कशी वाटणार?

आणि मला सगळ्यात जास्त हलवून सोडणारी गोष्ट ही. इ.स.पू. 458 मध्ये अथेन्समध्ये नाटककार एस्किलसचं नाटक झालं, त्यात याच अरीयपगाच्या न्यायसभेची स्थापना दाखवलीय, आणि त्यात अपोलो देव म्हणतो की माणसाचं रक्त एकदा मातीने प्यालं, तो मेला, की अनास्तासिस नाही. तोच शब्द, तीच सभा. पाचशे वर्षांनी पौल तिथे उभा राहून म्हणतो की देवाने एका माणसाला मेलेल्यांतून उठवलंय. हसले त्यात नवल नाही.

नंतर मंडळीतही दोन सूर राहिलेच. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर म्हणायचा की सॉक्रेटिससारख्यांमध्ये ख्रिस्ताच्याच वचनाचं बीज होतं, तर दुसरा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन विचारायचा, अथेन्सचा यरुशलेमशी काय संबंध? मी जस्टिनच्या बाजूचा, कारण पौलाने तेच केलेलं दिसतं. पुढे इ.स. 391-392 मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसने कायद्याने बळी आणि देवळातली पूजा बंद केली, अथेन्समधल्या पार्थेनॉन या अथीना देवीच्या देवळाचं कालांतराने मरियेच्या नावाचं चर्च झालं. हुकूम काढून वेद्या बंद करणं आणि वेदीसमोर थांबून ती वाचणं यात फार फरक आहे.

त्या दिवशी विश्वास ठेवणाऱ्यांत दोनच नावं दिलीत, अरीयपगकर दिओनुस्य आणि दामारी नावाची बाई. आज अॅक्रोपोलिसच्या (पार्थेनॉन आहे त्या टेकडीच्या) पायथ्याचा रस्ता दिओनुस्याच्या नावाने आहे, आणि अरीयपगाच्या खडकावर चढायच्या पायऱ्यांजवळ पितळी पाटीवर पौलाचं ते भाषण ग्रीकमध्ये कोरलेलं आहे.