डबल फिल्टर की रिफाइंड? शेंगदाणा तेलाचे दोन डबे

किराणा दुकानात शेंगदाणा तेलाचे दोन डबे शेजारी शेजारी असतात. एकावर ‘डबल फिल्टर’, दुसऱ्यावर ‘रिफाइंड’, चित्र दोन्हींवर शेंगांचंच. त्यामुळे डबल फिल्टर म्हणजे दुप्पट शुद्ध केलेलं, रिफाइंडच्याही वरचं, असं बरेच जण धरून चालतात. ते रिफाइंड झालेलंच नसतं.

फिल्टर तेलाची रीत साधी. दाणे गरम करून एक्स्पेलर या तेल काढायच्या यंत्रात दाबायचे आणि निघालेलं तेल फिल्टर प्रेसच्या कापडातून गाळायचं. दोनदा गाळलं की डबल फिल्टर. दाण्याचा रंग, वास, चव त्यात राहते आणि थोडा चिकट अंशही राहतो. डब्याच्या तळाशी बसलेला गाळ आणि पहिल्यांदा कढई तापवताना चढणारा फेस बहुतेक वेळा त्याचाच असतो. तेवढ्यावरून भेसळ म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये.

रिफाइंडची वाट लांबची. आधी हा चिकट अंश काढतात, मग कॉस्टिक सोड्याने मुक्त आम्लं (तेलात सुटी झालेली स्निग्धाम्लं) घालवतात, खास मातीतून नेऊन रंग उतरवतात आणि शेवटी निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर तापवून वाफेने वास घालवतात. हाती येतं ते फिकं, बिनवासाचं तेल. पेंडीत उरलेलं तेल द्रावक (तेल विरघळवणारं रसायन) वापरून काढतात, ते तर रिफाइंड केल्याशिवाय खायला विकताच येत नाही.

मग घ्यायचं कुठलं? तेल वरून घ्यायचं असेल तर विचार करायचं कारण नाही. भाकरीशेजारी शेंगदाण्याची चटणी, तिच्यात बोटाने खळगा आणि खळग्यात कच्चं तेल. तिथे रिफाइंड ओतणं म्हणजे पाणी ओतल्यासारखं. ठेचा, भरीत, पिठल्यावरची लसणाची फोडणी, सगळीकडे फिल्टरच.

तळणीचं गणित वेगळं. वडे-पुऱ्यांना तेल साधारण १७० ते १९० अंशांवर लागतं. रिफाइंड शेंगदाणा तेल सुमारे २३० अंशांपर्यंत धूर सोडत नाही. रिफाइंड न केलेल्या तेलासाठी पुस्तकांत १६० अंशांच्या आसपासचा आकडा असतो, पण तो तेलातल्या मुक्त आम्लांप्रमाणे वरखाली होतो. म्हणून ताज्या, चांगल्या दाण्याच्या फिल्टर तेलात भजी, साबुदाणा वडे बिनबोभाट तळून होतात, आणि जुनं झालेलं तेल पहिल्याच घाण्याला डोळ्यांत जातं. दिवाळीत चकली, शेव, कडबोळी असं तासन्‌तास तळण चालणार असेल तर मी रिफाइंड घेईन. करंजी-चिरोट्यांना दाण्याचा वास नकोच असतो.

आरोग्याच्या बाबतीत हल्ली घाण्याच्या तेलाचं कौतुक जरा जास्तच होतं. फिल्टर आणि रिफाइंड, दोन्हींतली स्निग्धाम्लं जवळपास तीच: सगळ्यांत जास्त ओलेइक, त्याखालोखाल लिनोलेइक. रिफाइंड करताना ई जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, हे खरं. (‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शिक्क्याला भुलू नका, कुठल्याच वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतंच.) पण दुसरी बाजू कोणी सांगत नाही. ओल लागलेल्या शेंगांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होतं. त्यातलं बरंचसं पेंडीत जातं, काही तेलात उतरतं, आणि कापडाने कितीदाही गाळलं तरी पूर्ण जात नाही. रिफाइंडच्या सोडा आणि मातीच्या टप्प्यांत मात्र ते जवळजवळ सगळं निघून जातं. तेव्हा फिल्टरचं किंवा लाकडी घाण्याचं तेल घेणाऱ्याने दाण्याची चौकशी केलीच पाहिजे. घाण्यावर गेलात तर आधी पोत्यात हात घाला. दाणे सुरकुतलेले, काळपट, कुबट वासाचे निघाले तर तेल न घेता परत फिरा.

तळून उरलेलं तेल हा दोघांचाही प्रश्न. हॉटेलं-फरसाणवाल्यांसाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने जुलै २०१८पासून मर्यादा घातली आहे: तेल तापून तापून त्यात तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही. घरी मोजायचं यंत्र नसतं. तेल दाट झालं, काळवंडलं, फेस बसेनासा झाला की टाकून द्यावं. त्याआधी गाळून ठेवलेलं असेल तर भाजीला एक-दोन दिवसांत संपवावं.

डबा घेताना आणखी दोन गोष्टी बघा. ‘ब्लेंडेड’ हा शब्द असेल तर कुठलं तेल किती टक्के आहे ते छापलेलं असतं, ते वाचा. आणि भाव विचारताना डबा १५ किलोचा की १५ लिटरचा, हेही विचारा. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल असतं १३ किलो ६५० ग्रॅम, आणि स्वस्त वाटणारा डबा बहुधा तोच असतो.