एमपीएचला अर्ज करताय? पात्रता, कागदपत्रं आणि कामांचा क्रम

सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण फक्त डॉक्टरांसाठी असतं, असं अजूनही अनेकांना वाटतं आणि त्यापायी चांगले उमेदवार अर्जच करत नाहीत. एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, या पदवीसाठी जगातली बरीच विद्यापीठं कोणत्याही शाखेचा पदवीधर घेतात. डॉक्टर, परिचारिका, फार्मसीवाले, संख्याशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेले असे सगळे एकाच वर्गात बसतात. या क्षेत्राला त्या सगळ्यांची गरज आहे.

मात्र दार मोठं असलं तरी आतल्या खोल्यांच्या अटी वेगवेगळ्या असतात. जैवसांख्यिकी घ्यायची तर कॅल्क्युलस आणि रेषीय बीजगणित झालेलं असावं लागतं. अनुभवाची अटही नीट वाचा. १९१६ साली स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयात पूर्णवेळ एमपीएचला आरोग्यक्षेत्रातला किमान दोन वर्षांचा अनुभव किंवा डॉक्टरेट स्तरावरची पदवी मागतात. नुकतीच पदवी घेतलेल्यांसाठी तिथेच एमएसपीएच (मास्टर ऑफ सायन्स इन पब्लिक हेल्थ) आणि एमएचएस (मास्टर ऑफ हेल्थ सायन्स) हे वेगळे अभ्यासक्रम आहेत. नावात थोडा फरक दिसतो म्हणून ते कमी दर्जाचे समजू नका.

अमेरिकेत एमपीएच साधारण दोन वर्षांचं असतं, ब्रिटनमध्ये पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी बहुतेक एका वर्षात होते. अमेरिकी अभ्यासक्रम निवडताना त्याला सीईपीएचची, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची, मान्यता आहे का, हे आधी पाहा. या संस्थेच्या निकषांनुसार एमपीएचला किमान ४२ सेमिस्टर क्रेडिट्स लागतात आणि प्रत्यक्ष क्षेत्रातलं काम सक्तीचं असतं.

अर्जाची पद्धतही देशागणिक बदलते. अमेरिकेतली अनेक महाविद्यालयं सोफास या सामायिक पोर्टलवरून अर्ज घेतात. माहिती एकदाच भरायची आणि हव्या त्या अभ्यासक्रमांना पाठवायची. काही ठिकाणी याशिवाय विद्यापीठाचा स्वतंत्र फॉर्मही असतो आणि तो राहून गेला तर अर्ज अपुरा ठरतो. ब्रिटनमध्ये सहसा प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर थेट अर्ज करायचा.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या अधिकृत गुणपत्रिकेला लागतो, म्हणून कामाला सुरुवात तिथूनच करा. परदेशी पदवी असेल तर अमेरिकी महाविद्यालयं बहुधा डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन मागतात. त्यासाठी तुमच्या विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटातून किंवा ऑनलाइन थेट त्या संस्थेला पाठवावी लागते. तुम्ही स्वतः काढलेली झेरॉक्स चालत नाही. विद्यापीठ, टपाल आणि मूल्यमापन असे तीन टप्पे पार व्हायचे असल्याने शेवटच्या तारखेच्या तीन-चार महिने आधी हे सुरू झालेलं बरं. सगळ्या कागदपत्रांवर नाव एकसारखं आहे ना, तेही आत्ताच पाहून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा सोबत ठेवा.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा टोफेल द्यावी लागते आणि दोन्हींचे गुण दोन वर्षं ग्राह्य धरतात. जीआरई या प्रवेशपरीक्षेची अट अनेक महाविद्यालयांनी काढून टाकली आहे. जिथे ती ऐच्छिक आहे तिथे आपल्या शैक्षणिक गुणांकडे बघून ठरवा.

शिफारसपत्रं बहुधा दोन किंवा तीन लागतात. शिफारस करणारी व्यक्ती ती थेट पोर्टलवर टाकते. मोठ्या हुद्द्याच्या पण तुम्हाला जेमतेम ओळखणाऱ्या माणसापेक्षा, तुमचं काम जवळून पाहिलेले शिक्षक किंवा वरिष्ठ निवडा. त्यांना तुमचा बायोडेटा आणि कामाचे चार ठळक मुद्दे लिहून द्या.

अर्जात खरा जीव असतो तो उद्देशपत्रात, म्हणजे एसओपीत. ‘मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ हे वाक्य निवड समितीने असंख्य वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी तुम्हाला प्रत्यक्ष दिसलेला प्रश्न मांडा. समजा, लसीकरणाच्या नोंदी ठेवताना दुसऱ्या मात्रेला न येणारी मुलं बहुतांशी स्थलांतरित कुटुंबांतली आहेत हे तुमच्या लक्षात आलं. मग ते कसं लक्षात आलं, तुम्ही काय केलं आणि पुढे जायला कोणतं ज्ञान कमी पडलं, ते लिहा. ती उणीव याच अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषयाने भरून निघेल हे सांगितलंत की पत्र तुमचं होतं. प्रत्येक विद्यापीठासाठी हा शेवटचा भाग नव्याने लिहावाच लागतो.

शिष्यवृत्तीची मुदत प्रवेशाच्या मुदतीआधी संपू शकते, म्हणून दोन्ही तारखा शेजारी-शेजारी लिहून ठेवा. ब्रिटनच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर किमान दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते.

प्रवेश पक्का झाल्यावर व्हिसासाठी अमेरिकी विद्यापीठ आय-२० हा प्रवेशाचा दाखला देतं, ब्रिटिश विद्यापीठ कॅस क्रमांक, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा संदर्भ क्रमांक, देतं. ब्रिटनच्या नियमानुसार लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, त्यामुळे पैशांची जुळवाजुळव कॅस हाती येण्याची वाट न पाहता सुरू करा.