मातीचं शिंग आणि आखेनची यात्रा

चाकावर घागरी, मडकी होतात हे सगळ्यांना माहितीये, पण त्याच चाकावर फुंकायचं शिंगपण घडतं आणि मध्ययुगात जर्मनीतल्या एका गावच्या कुंभारांचा तो चांगला चालणारा माल होता, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

तसं बघायला गेलं तर मातीत फुंकून सूर काढायची कल्पना चाकापेक्षा जुनी. चीनमधलं श्युन, म्हणजे अंड्याच्या आकाराचं पोकळ वाद्य, नवाश्मयुगापासूनचं आहे. पेरूत मोचे लोक मातीच्या वेटोळ्या तुताऱ्या करायचे, नाझ्का लोक तर पातळ गारा साच्यात ओतून पॅनपाइप, म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या नळ्यांचं फुंकवाद्य, करायचे, आणि हे सगळं चाकाशिवाय, कारण युरोपियन जाईपर्यंत तिकडे कुंभाराचं चाकच नव्हतं.

पण चाकाचं शिंग म्हटलं की मला जर्मनीतलं आखेन शहरच आठवतं. तिथल्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, चार पवित्र वस्त्रं आहेत, त्यात येशूची आई मरियम हिचा झगा आणि बाळ येशूची बाळोती, आणि १३४९ पासून ती दर सात वर्षांनी बाहेर काढून लोकांना दाखवायची प्रथा पडली. गर्दी इतकी की वस्त्रं वरून, मनोऱ्यावरून दाखवायचे आणि खाली उभे असलेले यात्रेकरू शिंगं फुंकायचे. ती शिंगं मातीची, जवळच्या लांगरवेहे गावच्या कुंभारांनी केलेली, नावच पडलं आखहॉर्न, म्हणजे आखेनचं शिंग. याच यात्रेत छोटे धातूचे आरसेही खपायचे, पवित्र वस्त्रांचं तेज आरशात धरून घरी नेता येतं अशी श्रद्धा होती, आणि छपाईवाला गुटेनबर्ग १४३९ च्या यात्रेसाठी असे आरसे करायच्या धंद्यात भागीदार होता, पण ती यात्रा एक वर्ष पुढे गेली आणि सगळा पैसा अडकला.

आता शिंग मातीचंच का, तर पितळेची तुतारी गरीब यात्रेकरूला कुठून परवडणार. आणि आवाज मुख्यतः ठरतो तो आतल्या हवेच्या नळीवर, तिची लांबी किती आणि ती कशी रुंदावत जाते त्यावर, भिंत पितळेची की मातीची याचा फरक त्यामानाने थोडा. फक्त माती चांगली भाजलेली पाहिजे. लांगरवेहेचं काम स्टोनवेअरचं, आपल्या लोणच्याच्या बरणीच्या जातीचं, बाराशे डिग्रीच्या आसपास भाजलेलं, त्यामुळे ओठाची ओल आत मुरत नाही.

चाकावर हे करणं मात्र कठीण. लांब नळी वर ओढत न्यायची, निमुळत्या टोकाला बोट जात नाही म्हणून आत काठी धरायची, आणि मग तिला बाक द्यायचा तो नेमक्या वेळी. माती जास्त ओली असली तर नळी वाकवताना आतून चेपते आणि हवा अडते, जास्त सुकली तर बाहेरच्या बाजूने तडा जातो. बोटं ठेवायला भोकं नाहीत, ओठ कमीजास्त आवळून दोनचार सूर निघतात तेवढेच. त्यात सुकताना आणि भट्टीत माती आक्रसते, नळी तोकडी होते, सूर वर चढतो, म्हणून हाताने केलेली दोन शिंगं एका सुरात येणं कठीणच. आखेनला त्याची कुणाला पडली नव्हती, वर वस्त्र दिसलं की खालून सगळ्यांनी एकदम फुंकायचं.