कार्ड चांगलं, खात्यात पैसे, तरी मीटर नाही म्हणतो

२ जानेवारी २०२०. न्यूयॉर्कमध्ये रस्त्याकडेला गाडी लावून लोक पार्किंग मीटरपाशी जात होते, खाचेत कार्ड घालत होते आणि नकार घेऊन परतत होते. दुसरं कार्ड काढलं तरी तेच. बिघाड खरं तर आदल्या दिवशीचा. पण नववर्षदिनी तिथे मीटरचे पैसे भरावे लागत नाहीत, म्हणून बोंब उठली ती एक दिवस उशिरा. शहरातल्या सुमारे १४ हजार मीटरांनी कार्ड घेणं एकाच वेळी बंद केलं होतं.

आपल्याकडे पे अँड पार्कला पावती फाडणारा माणूस असतो. नोट हातात पडली की त्याचा प्रश्न मिटला. मीटरला कार्डातून नोट मिळत नाही, मिळतो तो नुसता शब्द: या खात्यातून पैसे येतील. त्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्याला काही सेकंदांत ठरवायचं असतं. तेही डोक्यावरचं छोटं सोलर पॅनेल आणि पोटातली बॅटरी यांच्या जिवावर.

पहिली चाळणी अगदी शाळकरी गणिताची आहे. कार्डावरचे आकडे मनाला येतील तसे छापलेले नसतात. समजा, क्रमांक ४७३९ आहे. उजवीकडून निघा आणि एक सोडून एक आकडा दुप्पट करा: ९ तसाच, ३ चे ६, ७ तसाच, ४ चे ८. बेरीज ३०. दहाने भाग जातो, म्हणजे क्रमांक जमला. आता ७ आणि ३ ची अदलाबदल करून ४३७९ घ्या. ७ चे १४ होतात; दोन अंकी उत्तर आलं की त्याच्याच आकड्यांची बेरीज धरायची, म्हणजे ५. एकूण ९, ५, ३ आणि ८ मिळून २५. भाग जात नाही, क्रमांक बाद. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांना या युक्तीचं पेटंट १९६० साली मिळालं. वाचताना झालेली चूक तिने पकडली जाते, लबाडी मात्र नाही. जमणारा खोटा क्रमांक कागद-पेन्सिल घेऊन कुणीही तयार करेल.

लबाडीसाठी चिप आहे. जुन्या काळ्या पट्टीवरचा मजकूर दरवेळी तोच असायचा. एकदा चोरला की नक्कल तयार. चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला नवा शिक्का मारते. रक्कम, तारीख, मीटरने त्या क्षणी दिलेला एक अनपेक्षित आकडा आणि चिपच्या आतला व्यवहारांचा मोजक, हे सगळं एका गुप्त किल्लीत घोळवून तो शिक्का निघतो. कालचा शिक्का आज चालत नाही. गंमत म्हणजे तो खरा आहे का, हे मीटरला स्वतःला तपासता येत नाही, कारण ती किल्ली फक्त चिपकडे आणि बँकेकडे असते. म्हणून मीटर मोबाइलच्या नेटवर्कवरून बँकेला विचारतो. एरवी बॅटरी वाचवायला तो बहुतेक वेळ पेंगतच असतो.

या सगळ्यात तारीख पदोपदी लागते. कार्डाची मुदत संपली का, हे तारखेवरून कळतं. अन् मुदत फक्त कार्डालाच असते असंही नाही. जुनाट प्रणाली वर्षानुवर्षं चालू राहून चोरांना सोपी होऊ नये, म्हणून सॉफ्टवेअरच्या व्यवस्थांनाही मुद्दाम शेवटची तारीख घालून ठेवतात. न्यूयॉर्कच्या मीटरांत कार्ड घेण्याची जी व्यवस्था होती, तिची शेवटची तारीख होती १ जानेवारी २०२०. ती वेळेत पुढे ढकलायला हवी होती. ढकलली नाही. बस, एवढंच! दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण रोज बघतो. ही बघण्याचं काम ज्यांचं होतं, त्यांच्याकडून राहून गेलं.

तारखेने कार्डांना दगा देण्याची ही पहिली खेप नव्हती. २०१० उजाडलं तेव्हा जर्मनीतल्या सुमारे ३ कोटी कार्डांच्या चिपना ते साल पचेना. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या एका बँकेची दुकानांतली यंत्रं एकदम २०१६ मध्ये जाऊन बसली आणि धडधाकट कार्डांना मुदत संपली म्हणून परत पाठवू लागली. सोळाच का? संगणकात १० लिहिण्याच्या एका पद्धतीत १ आणि ० हे दोन आकडे चार-चार बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक खूण) वेगळ्या घरांत बसवतात: ०००१ ००००. हेच बिट साधी द्विमान संख्या म्हणून वाचले की १६ होतात. नऊपर्यंत दोन्ही वाचनं सारखीच येतात, त्यामुळे २००९ संपेपर्यंत अशी चूक कुणाच्या ध्यानात येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये मग माणसं पाठवून एकेक मीटर दुरुस्त करावा लागला. तोवर मोबाइल ॲप चालू होतं आणि नाण्यांची फटही. १९३५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत पहिला पार्किंग मीटर बसला, तेव्हा पाच सेंटचं नाणं टाकून चालत होता तसाच हा व्यवहार. आजचे मीटर नाण्याचा आकार आणि धातू तपासतात. नाण्यावर साल छापलेलं असतं खरं, पण ते मीटर वाचत नाही.